सभागृहात सहकाऱ्याचा उल्लेख कसा करावा: संसदीय संबोधनांचं सविस्तर मार्गदर्शन

संसदीय चर्चेत बोलायला उभा राहिलेला सदस्य प्रत्यक्षात एकाच व्यक्तीशी बोलत असतो. ती व्यक्ती म्हणजे त्या वेळी आसनावर असलेला पीठासीन अधिकारी. मंत्र्याला धारेवर धरायचं असो, शेजारच्या बाकावरच्या सहकाऱ्याला पाठिंबा द्यायचा असो किंवा विरोधकाचा मुद्दा खोडायचा असो, वाक्य जातं अध्यक्षांकडेच. बाकी सगळ्यांचा केवळ उल्लेख होतो. सभागृहातल्या संबोधनाचे जवळजवळ सगळे संकेत या एका व्यवस्थेतून निघाले आहेत. ती नीट समजली तर पुढचं फारसं पाठ करावं लागत नाही.

पहिल्यांदा निवडून आलेले सदस्य, त्यांची भाषणं तयार करणारे सहायक, अभिरूप संसदेत उतरणारे विद्यार्थी आणि सभागृहाचं वार्तांकन करणारे पत्रकार यांच्यासाठी हा लेख आहे. नियमांचा आधार मुख्यतः लोकसभेचा घेतला आहे. जिथे दुसऱ्या देशाची रीत पाहिल्यावर आपली रीत जास्त स्पष्ट होते, तिथे तीही दिली आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या औपचारिक भाषेमुळे टीका मिळमिळीत होते असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. माणसाला बाजूला ठेवून त्याच्या कामावर जितकं कठोर बोलता येतं, तितकं त्याच्या तोंडावर बोट रोखून बोलता येत नाही.

उभं राहण्याआधी: आसनावर कोण आहे ते पाहा

लोकसभेत आणि विधानसभेत अध्यक्ष असतात, राज्यसभेत आणि विधानपरिषदेत सभापती. उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात. त्यामुळे खालच्या सभागृहात ‘अध्यक्ष महोदय’ आणि वरच्या सभागृहात ‘सभापती महोदय’ ही साधी खूणगाठ बांधून ठेवा. महिला अध्यक्ष असतील तर ‘महोदया’. २००९ मध्ये मीरा कुमार लोकसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, २०१४ मध्ये सुमित्रा महाजन आल्या, आणि या काळात सभागृहाच्या कानाला हे संबोधन सरावाचं झालं.

गोंधळ होतो तो आसन बदलल्यावर. अध्यक्ष दिवसभर आसनावर बसत नाहीत. मध्येच उपाध्यक्ष येतात, किंवा तालिकेवरचा, म्हणजे आसन सांभाळण्यासाठी आधीच नेमलेल्या सदस्यांच्या यादीतला, एखादा सदस्य कामकाज चालवतो. उपाध्यक्ष असतील तर ‘उपाध्यक्ष महोदय’ म्हणायचं. लोकसभेत तालिकेवरचे सदस्य आसनावर असतील तर हिंदी भाषणांत त्यांना ‘सभापति महोदय’ म्हटलं जातं. लोकसभेच्या जुन्या चर्चा वाचताना एकाच दिवशी अध्यक्षही दिसतात आणि सभापतीही, त्याचं कारण हे आहे. म्हणून कागदावर संबोधन आधीच छापून नेऊ नका. नाव पुकारलं गेलं की एकदा आसनाकडे पाहा आणि मग सुरुवात करा. आसनावर तुमच्याच पक्षाचा, तुमच्या रोजच्या उठण्याबसण्यातला सदस्य असला तरी त्या वेळी त्याच्या हाती आसनाचा अधिकार असतो. त्याला नावाने किंवा ‘भाऊ’ म्हणून हाक मारणं हा आसनाचा अवमान ठरतो.

परदेशी सभागृहांचं अनुकरण करणाऱ्या अभिरूप सभांमध्ये इथेच चुका होतात. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ‘मिस्टर स्पीकर’ किंवा ‘मॅडम स्पीकर’ म्हणतात. १९९२ मध्ये बेटी बूथरॉइड तिथल्या पहिल्या महिला स्पीकर झाल्या. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मात्र भाषण ‘माय लॉर्ड्स’ या शब्दांनी सुरू होतं, म्हणजे ते सगळ्या सभागृहाला उद्देशून असतं. तिथल्या लॉर्ड स्पीकरकडे कॉमन्सच्या स्पीकरसारखा शिस्त लावण्याचा अधिकार नाही आणि सभागृह स्वतःच स्वतःला आवरतं, त्यामुळे ही रीत पडली. अमेरिकी सिनेटमध्ये आसनावरच्या व्यक्तीला ‘मिस्टर प्रेसिडेंट’ किंवा ‘मॅडम प्रेसिडेंट’ म्हणतात. हे संबोधन व्हाइट हाउसमधल्या राष्ट्राध्यक्षांसाठी नसून सिनेटच्या पीठासीन अधिकाऱ्यासाठी आहे. तिथे सिनेटचे अध्यक्षपद उपराष्ट्राध्यक्षांकडे असतं.

लोकसभेचे नियम ३४९ ते ३५१ सदस्याच्या वागण्याबद्दल आहेत. जागेवर येताना-जाताना आसनाला झुकून अभिवादन करायचं, बोलणारा सदस्य आणि आसन यांच्या मधून जायचं नाही, अध्यक्षांनी पुकारल्यावर आपल्या जागेवर उभं राहून त्यांनाच उद्देशून बोलायचं.

‘अध्यक्ष महोदय’ किती वेळा म्हणावं, हे नवे सदस्य हमखास विचारतात. सुरुवातीला एकदा, विषय बदलताना एकदा आणि कोणी मध्ये बोललं तर त्या क्षणी. प्रत्येक वाक्यात म्हटलं की त्याचं वजन जातं. पण व्यत्ययाच्या वेळी त्याच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. समोरून शेरा आला, तुमची मान त्या दिशेला वळली आणि तुम्ही उत्तर दिलंत की ते भाषण राहत नाही, दोघांतली बाचाबाची होते. मान आसनाकडे ठेवून ‘अध्यक्ष महोदय’ म्हटलंत की सूत्रं पुन्हा तुमच्या हातात येतात.

‘तुम्ही’ हा शब्द भाषणातून काढून टाका

सगळ्यांत जास्त सराव याचा करावा लागतो, म्हणून इथे जरा थांबतो. अध्यक्षांशी बोलायचं म्हटल्यावर द्वितीयपुरुष फक्त अध्यक्षांसाठी उरतो. बाकी सगळे तृतीयपुरुषात. नियम सोपा आहे, पण तापलेल्या डोक्याने तो पाळणं अवघड जातं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. धरणाचं काम रखडलं आहे आणि सदस्य संतापला आहे. मनात येणारं वाक्य असं असतं:

‘मंत्रीसाहेब, तुम्ही मागच्या अधिवेशनात मार्चपर्यंत काम पूर्ण करतो म्हणालात. काय झालं तुमच्या शब्दाचं? तुम्हाला लोकांची काही पडलेली आहे का?’

तेच सभागृहाच्या भाषेत:

‘अध्यक्ष महोदय, मागच्या अधिवेशनात याच सभागृहात जलसंपदा मंत्र्यांनी उत्तर दिलं होतं, की धरणाचं काम मार्चपर्यंत पूर्ण होईल. आज जुलै आहे. काम अर्ध्यावर आहे आणि कालव्याची खुदाई सुरूही झालेली नाही. मंत्री महोदयांनी तो शब्द कोणत्या अहवालाच्या आधारे दिला होता, हे त्यांनी सभागृहाला सांगावं.’

दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात राग आहे, पण उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न नाही. मंत्री सहज म्हणू शकतात, की आम्हाला लोकांची चिंता आहे, आणि विषय तिथेच संपतो. दुसऱ्यात त्यांच्यासमोर एक तारीख, एक आश्वासन आणि एक अहवाल आहे. ‘तुम्ही’ गेल्याबरोबर सदस्याला नेमकं कोणतं काम, कधी, कोणत्या सभागृहात बोललं गेलं ते सांगावं लागलं. तृतीयपुरुषाचा खरा फायदा हा आहे. तो वक्त्याला पुराव्यापर्यंत जायला भाग पाडतो.

मराठीत बोलताना एक अडचण जास्तीची आहे. ‘तुम्ही’ टाळायचं म्हणून बरेच जण ‘आपण’ म्हणतात. ‘आपण हा निधी कापलात’ असं वाक्य आसनाकडे पाहून म्हटलं तर निधी अध्यक्षांनी कापला असा अर्थ होतो. पुन्हा ‘आपण हा निधी कापला’ म्हटलं तर बोलणाराही त्यात सामील होतो. त्यामुळे ‘आपण’ फक्त अध्यक्षांसाठी राखून ठेवा: ‘आपण मला वेळ दिलात’, ‘आपण शासनाला निर्देश द्यावेत’. बाकीच्यांसाठी पदाचं नाव घ्या किंवा ‘त्यांनी’ म्हणा. कॉमन्समध्येही हीच चूक वारंवार होते. सदस्य बोलण्याच्या भरात समोरच्याला ‘यू’ म्हणतो आणि स्पीकर त्याला आठवण करून देतात, की हा शब्द आपल्याला लागू होतो आणि त्या धोरणाला आपण जबाबदार नाही.

आदरार्थी बहुवचन विसरू नका. ‘मंत्री म्हणाला’, ‘तो सदस्य बोलला’ हे बोलीत चालतं, सभागृहात नाही. ‘मंत्री म्हणाले’, ‘सन्माननीय सदस्यांनी सांगितलं’ असंच हवं. तरुण सदस्याचा उल्लेख ज्येष्ठ सदस्य करत असले तरीही. तिथे वय मोजलं जात नाही. प्रत्येक सदस्य आपल्या मतदारांचा प्रतिनिधी म्हणून बसलेला असतो आणि आदर त्या प्रतिनिधित्वाला असतो.

नाव घ्यायचं की नाही

ब्रिटिश परंपरेतल्या सभागृहांमध्ये सहकाऱ्याचं नाव घेत नाहीत, मतदारसंघ सांगतात. कॉमन्समध्ये सदस्य म्हणजे ‘अमुक मतदारसंघाचे ऑनरेबल मेंबर’. स्वतःच्या पक्षाचा असेल तर ‘माय ऑनरेबल फ्रेंड’. प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचा, सदस्य असेल तर ‘राइट ऑनरेबल’. पूर्वी ज्येष्ठ वकिलांसाठी ‘लर्नेड’ आणि सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी ‘गॅलंट’ अशी विशेषणं जोडली जात. ती आता बरीच मागे पडली आहेत. स्पीकर मात्र बोलायला बोलावताना नावानेच पुकारतात. कॅनडातही मतदारसंघाचीच पद्धत आहे. तिथे एखादा सदस्य सभागृहात हजर आहे की गैरहजर, याचा उल्लेख करणंही संकेताला धरून नाही.

अमेरिकी प्रतिनिधिगृहात ‘ओहायोचे जंटलमन’, ‘कॅलिफोर्नियाच्या जंटलवुमन’ अशी राज्यावरून ओळख सांगतात. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य असतात, म्हणून ‘सीनियर सिनेटर’ आणि ‘ज्युनियर सिनेटर’ असा फरक करतात. तो वयावर नसून त्या राज्याकडून कोण आधी आला यावर ठरतो.

नावाने पुकारण्याच्या पद्धतीचं जपानमधलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथल्या संसदेत पीठासीन अधिकारी सदस्याच्या नावापुढे ‘कुन’ लावून पुकारतात. एरवी हा शब्द बहुधा पुरुषांसाठी किंवा आपल्याहून लहानांसाठी वापरतात. १९९३ मध्ये ताकाको दोई कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्यांनी ही रूढी बाजूला ठेवून सगळ्यांना ‘सान’ हा स्त्री-पुरुष दोघांनाही चालणारा आदरार्थी शब्द लावायला सुरुवात केली. आसनावरची व्यक्ती ठरवते तेव्हा जुना संकेतही बदलतो.

भारतात नावावर तशी सरसकट बंदी पाळली जात नाही. ‘श्री’, ‘श्रीमती’ किंवा ‘जी’ लावून नावं सर्रास घेतली जातात. तरीही माझा सल्ला असा, की उल्लेख करताना हा क्रम लावून पाहा. त्या व्यक्तीकडे पद असेल आणि मुद्दा पदाशी निगडित असेल, तर पद: ‘अर्थमंत्री’, ‘विरोधी पक्षनेते’, ‘अंदाज समितीचे अध्यक्ष’. पद नसेल तर मतदारसंघ: ‘अमुक मतदारसंघाचे सन्माननीय सदस्य’. राज्यसभेच्या सदस्याला मतदारसंघ नसतो, तो राज्यातून निवडून येतो किंवा राष्ट्रपतींनी नामनिर्देशित केलेला असतो. तिथे राज्याचा उल्लेख करा. दोन्ही सोयीचं नसेल तर प्रसंगावरून ओळख द्या: ‘माझ्याआधी बोललेले सन्माननीय सदस्य’, ‘ज्यांनी हे विधेयक मांडलं ते सदस्य’. एवढ्यानेही व्यक्ती स्पष्ट होत नसेल तेव्हाच आदरार्थी शब्दासह पूर्ण नाव घ्या.

नाव शेवटी ठेवण्यामागे कारण आहे. नाव आलं की ऐकणाऱ्याच्या मनात त्या माणसाचा इतिहास, घराणं, पक्षांतरं असं सगळं गोळा होतं. मतदारसंघ आला की त्याच्यामागे उभे असलेले लाखो मतदार आठवतात. टीका करताना तर हा फरक फारच जाणवतो.

नुसतं पहिलं नाव, टोपणनाव, गावाकडची हाक किंवा माध्यमांनी दिलेलं विशेषण कधीही वापरू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये डेनिस स्किनर यांनी कॉमन्समध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना ‘डॉजी डेव्ह’, म्हणजे संशयास्पद डेव्ह, म्हटलं. शब्द मागे घ्यायला नकार दिल्यावर स्पीकरनी त्यांना दिवसभरासाठी सभागृहाबाहेर पाठवलं. त्यांचा प्रश्न पंतप्रधानांच्या आर्थिक व्यवहारांबद्दल होता आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण त्या दिवशी चर्चा प्रश्नाची झाली नाही, त्या दोन शब्दांची झाली.

पक्षावरून उल्लेख करतानाही जपा. ‘सत्ताधारी बाकांवरचे सदस्य’, ‘विरोधी बाकांवरचे सन्माननीय सदस्य’ हे ठीक. ‘हे लोक’, ‘ती टोळी’ हे नाही.

जे सभागृहात नाहीत त्यांच्याबद्दल

राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायाधीश, दुसरं सभागृह आणि बाहेरच्या व्यक्ती यांच्याबद्दल बोलताना मर्यादा जास्त काटेकोर आहेत, कारण त्यांना तिथे उभं राहून उत्तर देता येत नाही.

लोकसभेच्या नियम ३५२ नुसार चर्चेवर प्रभाव पाडण्यासाठी राष्ट्रपतींच्या नावाचा वापर करता येत नाही. उच्च पदावरील व्यक्तींच्या वर्तनावर बोलायचं तर त्यासाठी रीतसर स्वतंत्र प्रस्ताव लागतो. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनाची चर्चा राज्यघटनेच्या अनुच्छेद १२१ ने संसदेत आणि २११ ने राज्याच्या विधिमंडळात रोखलेली आहे. संसदेत न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव असेल तेवढाच अपवाद. निकालावर तर्कशुद्ध मत मांडणं वेगळं आणि न्यायाधीशाच्या हेतूवर बोट ठेवणं वेगळं. भाषण लिहितानाच ही रेघ आखून घ्या.

राष्ट्रपतींसाठी ‘महामहिम’ शब्द वापरायची सवय अजून अनेकांना आहे. प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना, २०१२ मध्ये, देशांतर्गत वापरात हे संबोधन थांबवून ‘राष्ट्रपती महोदय’ आणि ‘माननीय’ यांना पसंती देण्यात आली. अभिभाषणावरच्या आभारप्रस्तावावर बोलणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या सभागृहाबद्दल ब्रिटनमध्ये ‘दुसऱ्या ठिकाणी’ असं म्हणण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे नाव घ्यायला अडचण नाही, पण लोकसभेच्या नियम ३५४ प्रमाणे राज्यसभेतलं भाषण इथे उद्धृत करता येत नाही. मंत्र्यांचं धोरणविषयक निश्चित निवेदन असेल तर गोष्ट वेगळी. प्रेक्षागृहात बसलेल्यांकडे हात करून ‘वर बसलेले अधिकारी’ असं म्हणणंही नियमात बसत नाही.

खासगी व्यक्ती किंवा सहकारी सदस्यावर बदनामीकारक आरोप करायचा असेल तर नियम ३५३ पाहा. अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आधी पुरेशी सूचना द्यावी लागते, म्हणजे मंत्र्यांना चौकशी करून उत्तर देता येतं. ब्रिटनमध्ये याच जातीचा एक सौजन्याचा संकेत आहे: सभागृहात एखाद्या सहकाऱ्याचा उल्लेख करणार असाल तर त्याला तसं आधी कळवायचं. हा संकेत प्रत्येक सभागृहाने उचलावा असं मला मनापासून वाटतं. पाठीमागे बोललं गेलं ही भावनाच मग उरत नाही.

‘खोटं’ न म्हणता खोटं उघडं पाडणं

संसदीय भाषेची खरी कसोटी इथे लागते. सहकाऱ्याने केलेलं विधान चुकीचं आहे हे तुम्ही म्हणू शकता. त्याने ते जाणूनबुजून केलं असं म्हणालात की तुम्ही हेत्वारोप केलात, आणि सहकाऱ्यावर हेत्वारोप करायला नियम ३५२ मनाई करतो. म्हणून विधानावर हल्ला करा, हेतू ऐकणाऱ्यांना ठरवू द्या.

‘मंत्री खोटं बोलत आहेत’ याऐवजी ‘मंत्र्यांचं उत्तर वस्तुस्थितीला धरून नाही’ म्हणता येतं. ‘हे सभागृहाला फसवत आहेत’ याऐवजी ‘या उत्तरामुळे सभागृहाचा गैरसमज होण्याची शक्यता आहे’. ‘यांना काही कळत नाही’ याऐवजी ‘सन्माननीय सदस्यांपर्यंत बहुधा विभागाचा ताजा अहवाल पोहोचलेला नाही, मी तो वाचून दाखवतो’. शेवटचं वाक्य नीट पाहा. त्यात अपमानाचा एकही शब्द नाही, पण अहवाल वाचून झाल्यावर त्या सदस्याची बाजू उभी राहत नाही.

या कलेचं सर्वांत गाजलेलं उदाहरण विन्स्टन चर्चिल यांचं. १९०६ मध्ये, वसाहत खात्याचे उपमंत्री असताना, दक्षिण आफ्रिकेतल्या चिनी मजुरांच्या करारांना ‘गुलामगिरी’ म्हणता येईल का, या प्रश्नावर ते म्हणाले, की तसं म्हटल्यास पारिभाषिक अचूकतेला बाध येण्याचा धोका आहे. पुढे हा शब्दप्रयोग ‘खोटं’ या शब्दाचा सभ्य पर्याय म्हणून रूढ झाला. चतुर शब्द आहे, पण नव्या सदस्यांनी अशा कोट्यांच्या मागे लागू नये. कोटी लक्षात राहते आणि मुद्दा विसरला जातो.

उलट बाजूचंही पाहा. २०२१ च्या जुलैत डॉन बटलर यांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन खोटं बोलले असं कॉमन्समध्ये म्हटलं आणि शब्द मागे घेतले नाहीत. त्यांना बाहेर जावं लागलं. २०२२ च्या जानेवारीत इयान ब्लॅकफर्ड यांच्या बाबतीत तेच झालं. त्यांना स्पीकरनी वारंवार संधी दिली, की पंतप्रधानांकडून अनवधानाने दिशाभूल झाली असं म्हणा. ते ‘जाणूनबुजून’ यावर ठाम राहिले. बाहेर अनेकांना या दोघांचं म्हणणं पटलं आणि नियमच सत्याच्या आड येतो अशी टीकाही झाली. त्या टीकेत तथ्य आहे. तरीही मला हा नियम टिकावा असं वाटतं, कारण ‘खोटारडा’ हा शब्द मोकळा झाला की तो पुरावा असलेल्याही वापरतील आणि नसलेल्याही, आणि पुरावा असलेल्याचा आवाज त्यात बुडून जाईल.

पुरावा हाती असेल तर आपल्याकडे मार्ग आहेत. मंत्र्यांच्या किंवा सदस्याच्या निवेदनातली चूक दाखवायची असेल तर लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली अध्यक्षांना तपशीलासह लिहिता येतं. सभागृहाची जाणीवपूर्वक दिशाभूल झाली असं वाटत असेल तर नियम २२२ खाली अध्यक्षांच्या संमतीने हक्कभंगाचा प्रश्न मांडता येतो. भाषणात ओरडून म्हटलेलं एक वाक्य कामकाजातून काढून टाकलं जाईल. लेखी सूचनेची दखल घ्यावी लागते.

असंसदीय शब्दांची यादी मिळवून ती पाठ करावी का? लोकसभा सचिवालय असे शब्द संकलित करतं. २०२२ च्या जुलैतल्या संकलनावरून मोठा वाद झाला, तेव्हा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी स्पष्ट केलं, की कोणत्याही शब्दावर बंदी नाही, संदर्भ पाहून शब्द वगळले जातात. यादी चाळून पाहा, पण तिच्यावर विसंबू नका. यादीत नसलेला शब्दही सहकाऱ्याला लागेल असा वापरला तर वगळला जाऊ शकतो.

मध्ये बोलायचं असेल तर

दुसऱ्याचं भाषण सुरू असताना तुम्हाला खुलासा हवा असेल तर उभं राहून आसनाला विचारा: ‘अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्य मला क्षणभर संधी देतील का?’ बोलणारा सदस्य खाली बसला तरच तुम्ही बोलू शकता. तो ‘मी यील्ड करत नाही’, म्हणजे मध्ये बोलू देत नाही, असं म्हणाला तर बसून घ्या. प्रश्नही अध्यक्षांमार्फतच विचारायचा असतो, नियम ३५५ तेच सांगतो: ‘आपल्यामार्फत मला मंत्री महोदयांकडून जाणून घ्यायचं आहे, की…’. हरकतीचा मुद्दा फक्त नियमभंगासाठी असतो. सहकाऱ्याचं मत पटलं नाही म्हणून तो उपस्थित करू नये. तुमच्यावरच वैयक्तिक आरोप झाला असेल तर अध्यक्षांच्या परवानगीने नियम ३५७ खाली वैयक्तिक खुलासा करता येतो. त्या खुलाशात वादाचा नवा मुद्दा आणता येत नाही.

जीभ घसरली तर

अनुभवी सदस्यांचीही घसरते. तेव्हा पहिली कृती म्हणजे बसणं. अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने खाली बसायचं आणि शांतपणे ऐकायचं, नियम ३६१. दुसरी कृती, शब्द बिनशर्त मागे घेणं. ‘अध्यक्ष महोदय, माझ्या तोंडून गेलेला तो शब्द मी मागे घेतो’, एवढंच. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ असं शेपूट जोडू नका. ते ऐकताना दोष बोलणाऱ्याचा न राहता ऐकणाऱ्याचा होतो आणि वाद पुन्हा पेटतो. सहकाऱ्याला खरोखर लागलं असेल तर दिलगिरी व्यक्त करा आणि लगेच मूळ मुद्द्यावर या.

नियम ३८० खाली अध्यक्ष बदनामीकारक, अशिष्ट, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. छापील वृत्तांतात तिथे फुल्या आणि तळटीप येते. पत्रकारांनी इथे फार जपायला हवं. बिहार विधानसभेतल्या भाषणाचा वगळलेला भाग ‘सर्चलाइट’ दैनिकाने छापला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सभागृहाच्या विशेषाधिकाराची बाजू उचलून धरली. म्हणून बातमी देण्याआधी त्या शब्दांचं काय झालं ते सचिवालयातून तपासून घ्या.

सदस्य ऐकतच नसेल तर नियम ३७३ खाली त्याला त्या दिवसापुरतं बाहेर जायला सांगितलं जातं. त्याहून पुढची पायरी ३७४ ची: अध्यक्ष बेशिस्त सदस्य म्हणून त्याचं नाव जाहीर करतात आणि निलंबनाचा प्रस्ताव येतो. २००१ मध्ये आलेल्या ३७४ क नुसार गंभीर बेशिस्तीत नाव घेतलं गेलं की सदस्य सलग पाच बैठका किंवा अधिवेशनाचा उरलेला काळ, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यासाठी आपोआप निलंबित होतो.

विशेषणांची आरास नको

याच्या विरुद्ध टोकाला जाणारेही बरेच असतात. ‘परमआदरणीय, सर्वांचे लाडके, विकासपुरुष’ अशी माळ लावण्यात भाषणाची पहिली दोन मिनिटं जातात. पक्षाला मिळालेला वेळ सदस्यांत वाटलेला असतो. कोणाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात, कोणाच्या पाच. त्यातली दोन स्तुतीत घालवणं हा आपल्या मतदारांवर अन्याय आहे. ‘सन्माननीय’ किंवा ‘माननीय’ एकदा पुरतं. २०१७ च्या हिवाळी अधिवेशनात राज्यसभेचे सभापती व्यंकय्या नायडू यांनी मंत्र्यांना सांगितलं, की कागदपत्रं पटलावर ठेवताना इंग्रजीतला ‘आय बेग’ हा याचनेचा प्रयोग सोडून द्या, स्वतंत्र देशात त्याची गरज नाही. शिष्टाचार आणि लाचारी यांतला फरक त्यांनी अचूक दाखवला.

भाषणाची तालीम

भाषण लिहून झाल्यावर तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. एका रंगाने ‘तुम्ही’, ‘तुमचं’, ‘आपण’ हे शब्द शोधून खुणा करा आणि प्रत्येक ठिकाणी तो अध्यक्षांना उद्देशून आहे का ते तपासा. दुसऱ्या रंगाने माणसांची नावं अधोरेखित करा आणि जिथे पद किंवा मतदारसंघ चालेल तिथे बदला. तिसऱ्या रंगाने ‘मुद्दाम’, ‘जाणूनबुजून’, ‘डाव’, ‘कारस्थान’ असे हेतू सांगणारे शब्द पकडा. त्यांच्या जागी तारीख, आकडा किंवा कागदपत्राचा क्रमांक टाका. मग उभं राहून मोठ्याने वाचा आणि कोणाला तरी समोर बसवून मुद्दाम मध्ये बोलायला सांगा. व्यत्यय आला तरी नजर आसनाच्या जागेवरच ठेवायची सवय तेव्हाच लागते, एकट्याने आरशासमोर वाचून लागत नाही.

अभिरूप संसद घेणाऱ्या शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी एक मतदारसंघ किंवा खातं नेमून द्यावं आणि त्याची पाटी समोर ठेवावी. वर्गमित्राला नावाने हाक मारायची सवय मोडायला ही पाटी फार कामी येते. अध्यक्षांच्या भूमिकेसाठी वर्गातला सर्वांत मोठ्या आवाजाचा मुलगा निवडू नका. नियम हाताशी ठेवून, आवाज न चढवता, ‘सन्माननीय सदस्यांनी आसनाला उद्देशून बोलावं’ हे दहाव्यांदाही पहिल्याइतक्याच शांतपणे सांगू शकेल अशा मुलीला किंवा मुलाला तिथे बसवा, आणि दर अर्ध्या तासाने आसनावरची व्यक्ती बदला, म्हणजे ऐकण्याची बाजूही सगळ्यांना कळेल.